मानधन: समास ओळखा

पालिकेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतील सहायक रसायनतज्ज्ञ, वय वर्षे एकतीस, घरातील नाव छकुली, हिला विद्यापीठाच्या पीएच.डी. अभ्यासक्रमासाठी निवड झाल्याचे पत्र मंगळवारी दुपारच्या टपालाने मिळाले, आणि त्याच दिवशी संध्याकाळी घरातील सर्वांची भूक गेली.

एकतीस वर्षांच्या बाईला छकुली म्हणू नये, हे घरात सगळ्यांना मान्य होतं. पण दुसरं काय म्हणायचं यावर एकमत होईना, म्हणून जुनंच नाव चालू होतं. घरात माणसं तीन. छकुली, तिची आई आणि काका. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. शाळेत मराठी व्याकरण शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या हातून गावातल्या दोन पिढ्यांचं शुद्धलेखन सुधारलं, बाकी काही सुधारलं नाही, आणि त्याला त्यांचाही इलाज नव्हता.

आता छकुलीला पीएच.डी. कशाला हवी होती, असं विचाराल, तर उत्तर तिच्या पलंगाखाली होतं. तिथं नळांचे तुकडे होते. गंजलेले, अर्धे गंजलेले आणि अजिबात न गंजलेले. झाडू मारताना आई रोज त्यांना ठेचकाळायची आणि रोज त्यांचा उद्धार करायची. एकाच गल्लीत, एकाच दिवशी, एकाच कंत्राटदारानं टाकलेल्या दोन नळांपैकी एकातून तांबडं पाणी येतं आणि शेजारच्यातून लख्ख स्वच्छ, हे कसं काय? हा प्रश्न तिनं प्रयोगशाळेतल्या साहेबांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी विचारला होता.

"शेरा लिही," साहेब म्हणाले होते. "गंज आढळला. वापरापूर्वी पाणी थोडा वेळ वाहू द्यावे."

"पण साहेब, का आढळला?"

"का हा रकाना आपल्या तक्त्यात नाही."

तेव्हापासून छकुलीला 'का' हा रकाना असलेल्या ठिकाणी जायचं होतं. मनापासून, अगदी तहान लागल्यासारखं जायचं होतं. हे ती कोणाला बोलून दाखवत नसे, कारण दाखवलं की माणसं विचारतात, "बरं, आणि पुढं?"

पत्र तर आलं. विद्यापीठ दुसऱ्या शहरात, म्हणजे तिथं खोली घेऊन राहणं आलं. कायम नोकरीचा राजीनामा देणं आलं. तीन महिन्यांच्या आत होकार कळवणं आलं. हे सगळं एकवेळ जमलं असतं, पण पत्रात शेवटी एक ओळ होती: 'आपणांस दरमहा मानधन देय राहील. (मान: प्रवेशाच्या दिनांकापासून. धन: उपलब्धतेनुसार.)'

काकांनी ती ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली आणि खिशातून लाल पेन काढलं. "हे काय लिहिलंय? मानधन हा सामासिक शब्द आहे. द्वंद्व समास. त्यातही इतरेतर! विग्रह करताना मध्ये 'आणि' येतो. मान आणि धन. आईवडील म्हटलं की आई आणि वडील, दोघंही यावेच लागतात. आई प्रवेशाच्या दिनांकापासून आणि वडील उपलब्धतेनुसार, असं चालत नाही!"

"आपल्याकडे तसंच चाललं की," आई म्हणाली. छकुलीच्या वडिलांची हयात फिरतीच्या नोकरीत गेली होती.

"वहिनी, हा व्याकरणाचा प्रश्न आहे," काका म्हणाले. "छकुले, तू ऊठ आणि विद्यापीठात जा. त्यांना फक्त एवढं दाखवून दे की समास इतरेतर आहे. समास सिद्ध झाला की धन द्यावंच लागतं. व्याकरणापुढं कोणाचं काही चालत नाही."

सरकारी कचेरीत व्याकरणाच्या जोरावर पैसे मिळतील, असं जगात दुसऱ्या कोणाला वाटलं नसतं. पण हे घर काकांचं होतं. छकुलीनं एक दिवसाची रजा टाकली, पिशवीत नळाचे तीन तुकडे घेतले आणि सकाळच्या बसनं निघाली.

विद्यापीठाच्या लेखाधिकाऱ्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. टेबलावर काच, काचेखाली जुनी कॅलेंडरं, काचेवर झाकण ठेवलेला पाण्याचा पेला आणि पेल्यामागं स्वतः लेखाधिकारी. त्यांनी ओळ वाचली आणि आपण होऊन समजावायला घेतली, कारण मजकूर त्यांचाच होता.

"त्याचं असं आहे ताई, पूर्वी जमाखर्चात मानधन हे एकच शीर्ष होतं. लेखापरीक्षकांनी आक्षेप काढला. म्हणाले, एका शीर्षाखाली दोन बाबी कशा? मग आम्ही शीर्ष फोडलं. मानाचं वेगळं, धनाचं वेगळं. मानाच्या शीर्षात शिल्लक भरपूर आहे. काळजी नसावी."

"आणि धनाच्या?"

"धनाचं शीर्ष उघडलेलं आहे."

"ते कळलं. पण शीर्षाखाली काय आहे?"

"शीर्षाखाली मान असते, ताई. आरशात बघा."

छकुलीनं पेल्यातलं पाणी मागून प्यायलं. सवयीनं वास घेऊन प्यायलं. "मग धन येणार कधी?"

"येईल असं अनुमान आहे. आता अनुमानसुद्धा मानाच्याच शीर्षात पडतं, बरं का. मान, सन्मान, अनुमान. तापमानाचं जरा वादात आहे, भूगोल विभाग सोडायला तयार नाही." ते पुढं वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "ताई, खरी अडचण वेगळीच आहे. वर्षअखेर जवळ आली. मानाचा निधी खर्च झाला नाही तर परत जातो, आणि पुढच्या वर्षी मानात कपात होते. आपण आलाच आहात तर थोडा आगाऊ घेऊन जाता का?"

ती काही बोलायच्या आत त्यांनी घंटी वाजवली. बाहेरच्या दालनातले सगळे कारकून खुर्च्या मागं सरकवून उभे राहिले. एकानं पंखा तिच्याकडं वळवला. एकानं 'या, यावं' म्हटलं, दुसऱ्यानं 'बसा, बसावं' म्हटलं, आणि एक कारकून तर इतका लवला की त्याच्या खिशातली पेनं खाली सांडली. लेखाधिकाऱ्यांनी 'मान मिळाला' अशी तिची सही घेतली.

खोटं कशाला बोला, छकुलीला बरं वाटलं. प्रयोगशाळेत तिच्यासाठी आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं. पाणी सांडलं तेव्हासुद्धा लोकांनी फक्त पाय वर घेतले होते. क्षणभर तिला वाटलं, घ्यावं हे, धनाचं बघू नंतर. मग तिला काका आठवले.

"पण साहेब," ती म्हणाली, "आमचे काका म्हणतात की हा इतरेतर द्वंद्व समास आहे. दोन्ही द्यावं लागतं."

उभे कारकून तसेच उभे राहिले. लेखाधिकाऱ्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"हे आपण लेखी दिलंय कुठं?"

"नाही."

"मग देऊ नका. तोंडी बोललात एवढ्यावरसुद्धा आता समिती नेमावी लागेल." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "विग्रह समिती. निर्णय होकाराच्या मुदतीच्या आत देतो. आपण तोवर आपल्या मार्गदर्शक बाईंना भेटून घ्या."

मार्गदर्शक बाईंची खोली जिन्याच्या टोकाला होती. "ये, बस," त्या म्हणाल्या, पण बसायला जागा नव्हती. खुर्च्यांवर मानचिन्हं, स्टुलावर मानपत्रं, खिडकीत सन्मानाचे करंडक. बाईंनी एक लाकडी हत्ती आणि दोन पितळी मशाली उचलून खाली ठेवल्या तेव्हा कुठं अर्धी खुर्ची मोकळी झाली.

"बाई, तुमचं धन..." छकुलीनं चाचरत विचारलं.

"उपलब्धतेनुसार. मी रुजू झाले तेव्हापासून."

"मग तुमचं भागतं कसं?"

"नवऱ्यावर. तो फारसा शिकला नाही गं, त्यामुळे त्याचं बरं चाललंय."

छकुलीनं पिशवीतून नळाचा तुकडा काढून दिला. बाईंनी तो हातात घेतला, उठून खिडकीशी नेला, उजेडात धरला, नखानं खरवडला. मग त्यांनी विचारलं, "हा आधी आतून गंजला की बाहेरून?"

हा प्रश्न आजवर तिला कोणी विचारला नव्हता. एवढ्या वर्षांत एकानंही नाही. छकुलीचे डोळे भरून आले, आणि गंज डोळ्यात गेला असं काहीतरी ती पुटपुटली. मग त्या दोघी बाहेरचा शिपाई कुलूप घेऊन येईपर्यंत तीन तुकड्यांवर बोलत बसल्या. बसमध्ये तिनं मनाशी ठरवूनच टाकलं की काही झालं तरी इथंच यायचं. मग घर आलं, दारातली आई दिसली, आणि ठरवलेलं पुन्हा डळमळलं. धन नसेल तर खोलीचं भाडं द्यायचं कशातून? आईला औषधं कशातून? नोकरी कायम होती ना. कायम नोकरी सोडणाऱ्याला लोक वेडा म्हणतात, आणि सहसा बरोबर म्हणतात.

ती असा विचार करत असतानाच नोकरीनं तिची काळजी मिटवली.

त्याचं झालं असं, की शीर्ष फोडून केलेल्या बचतीबद्दल विद्यापीठाच्या लेखाधिकाऱ्यांना उत्तम प्रशासकाचा पुरस्कार मिळाला. (पुरस्कार रोख होता. त्याबाबत विग्रह उद्भवला नाही.) वर्तमानपत्रात फोटो आला. फोटो पालिकेनं पाहिला. आणि एका सकाळी छकुली प्रयोगशाळेत शिरते तो साहेब ताडकन उभे राहिले.

"यावं," साहेब म्हणाले. "आपण बसावं."

गेली कित्येक वर्षं 'ए, बाटल्या धुतल्या का' यापलीकडं न गेलेला माणूस 'आपण' म्हणतो म्हटल्यावर छकुली दारातच थबकली. "साहेब, काय झालं?"

"पगार झाला," साहेब म्हणाले.

"कुणाचा?"

"आपला. आत्ता झाला तो. परिपत्रक आलंय. यापुढे सर्व कर्मचाऱ्यांना वेतनाऐवजी मानधन. मान रोजच्या रोज, धन उपलब्धतेनुसार. महिन्याचा एकदम हवा असेल तर मी पहिल्या तारखेला दिवसभर उभा राहीन."

"आणि तुम्हाला साहेब?"

"मी वरच्या श्रेणीतला," साहेब खिन्नपणे म्हणाले. "मला जास्त मान. आपण सगळ्यांनी मिळून मला रोज दारापर्यंत सोडायचं आहे."

झालं! पालिकेनं केलं ते बससेवेनं केलं, बससेवेनं केलं ते पोस्टानं केलं. महिना भरायच्या आत अख्ख्या गावाला मान मिळू लागला. असा सुकाळ गावानं कधी पाहिला नव्हता. कंडक्टर सुटे पैसे देईना. टोपी काढून म्हणायचा, "सुटे नाहीत, मान घ्या." चौकात दोन गाड्या समोरासमोर आल्या की 'आधी आपण', 'छे छे, आधी आपण' सुरू व्हायचं, मागं रांग लागायची आणि दुपारपर्यंत कोणीच जायचं नाही. वाहतूक पोलीस शिट्टी वाजवायचं सोडून प्रत्येक गाडीला कडक सलाम ठोकत उभा असायचा, कारण सायकलवाल्यालासुद्धा देणं भागच होतं. दवाखान्यात रुग्ण डॉक्टरांना लवून मान द्यायचे, डॉक्टर रुग्णांना द्यायचे, आणि या देवाणघेवाणीत ताप मोजायचा राहून जायचा. एकटा किराणा दुकानदार तेवढा शुद्धीवर होता. त्यानं पाटी लावली: 'आपला मान आम्ही राखतो. कृपया धन रोख द्यावे.'

दिवसभर लवून लवून लोकांच्या माना दुखायला लागल्या. हाडांच्या डॉक्टरांकडं जिन्यापर्यंत रांग गेली. ज्याला त्याला मानेचा पट्टा. मानेचे पट्टे विकणारा दुकानदार हा गावातला पहिला माणूस, ज्याला मानेपायी धन मिळालं. त्यानं महिन्याभरात दुकानावर मजला चढवला. आई म्हणाली, "बघ, याला म्हणतात संशोधन."

छकुलीला मात्र हसू येऊन येऊन रडू यायची वेळ आली. एका हातात विना-धन विद्यापीठ, दुसऱ्या हातात विना-धन कायम नोकरी. आगीतून उठून फुफाट्यात म्हणावं, तर इथं आग आणि फुफाटा शेजारीशेजारी बसून एकमेकांना 'आपण आधी' म्हणत होते. आता सगळी भिस्त विग्रह समितीवर.

समितीची बैठक विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात भरली. छकुली गेली, काका तर इस्त्रीचा सदरा घालून गेले. समितीत सदस्य तीन. भाषा विभागाचे प्रमुख, लेखाधिकारी आणि यंत्र अभियांत्रिकीचे एक प्राध्यापक. हे तिसरे कशाला, तर समितीत एकाला विषयातलं काही कळत नसावं, म्हणजे निर्णय निःपक्षपाती होतो, असा नियम होता. नियम एकासाठी असला तरी तिघांनीही तो पाळला होता. तिघांच्याही मानेला पट्टे होते. त्यामुळे नकारार्थी मान हलवणं कोणालाच जमेना आणि सगळे ठराव एकमतानं मंजूर होऊ लागले.

पहिला ठराव बैठक भत्त्याचा होता. तो रोख.

"हा भत्ता कुठल्या शीर्षातून?" छकुलीनं उभं राहून विचारलं.

"धनाच्या," लेखाधिकारी म्हणाले. "ते उघडलेलंच होतं."

"म्हणजे त्यात धन होतं?"

"होतं म्हणून तर समिती नेमता आली."

"आणि आता?"

"आता समिती आहे."

मग मूळ विषय निघाला. अभियांत्रिकीचे प्राध्यापक म्हणाले, हा समाहार द्वंद्व वाटतो. चहापाणी म्हणजे चहा, पाणी वगैरे, तसं मानधन म्हणजे मान, धन वगैरे. त्यावर लेखाधिकारी घाईनं म्हणाले की कार्यालयात चहापाण्याच्या 'वगैरे'त काय काय येतं याची चर्चा या सभागृहात नको. त्यांच्या मते समास वैकल्पिक द्वंद्व. खरेखोटे म्हणजे खरे किंवा खोटे, तसं मान किंवा धन. विद्यार्थ्यानं एक निवडावं. विद्यापीठानं विद्यार्थ्याच्या वतीनं निवडलेलं आहे.

"इतरेतर!" काका मागून ओरडले. "मान आणि धन! आणि! आणि!"

भाषा विभागाचे प्रमुख आतापर्यंत डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले, सबंध धडासकट काकांकडं वळले आणि संथपणे म्हणाले, "हा द्वंद्व नाहीच. हा बहुव्रीही आहे."

काका जागच्या जागी थिजले.

"बहुव्रीहीत दोन्ही पदांना महत्त्व नसतं," प्रमुख म्हणाले. "दोन्ही पदं मिळून तिसऱ्याच कोणाकडं बोट दाखवतात. लंब आहे उदर ज्याचे असा तो लंबोदर. तसं, मान हेच आहे धन ज्याचे, असा तो मानधन. म्हणजे कोण? संशोधक. मानधन हे संशोधकाला द्यायचं नसतं. मानधन म्हणजे संशोधक स्वतः."

सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. टाचणीऐवजी काकांच्या टाळ्या ऐकू आल्या. त्यांचे डोळे पाणावले होते. "बरोबर! अगदी बरोबर! संस्कृतात असंच आहे! एवढी वर्षं शिकवलं, पण माझ्या लक्षात आलं नाही!"

छकुलीनं त्यांचा सदरा ओढला. "काका, बसा. आपण हरलोय."

"हरलो गं, पण काय शुद्ध हरलो!"

लेखाधिकाऱ्यांनी तेवढ्यात पत्र पुढं ओढून नवा अर्थ लावून पाहिला आणि त्यांचा चेहरा फुलला. "दरमहा मानधन देय राहील. म्हणजे दरमहा संशोधक देय राहील. ताई, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आपल्याला विद्यापीठात जमा व्हायचंय. आम्ही पोच देऊ."

"देय कोणाकडून?" काकांनी भानावर येऊन विचारलं.

"ज्यांच्या घरातून संशोधक निघतो त्यांच्याकडून. जेवण, कपडे, राहण्याची सोय यांसह. अर्धवट संशोधक जमा करून घेतला जाणार नाही." आणि समितीनं पट्ट्यांसह उभं राहून छकुलीला मान दिला. अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना परत बसता येईना, त्यांना दोघांनी धरून बसवलं.

घरी परतेपर्यंत काका बहुव्रीहीच्या धुंदीत होते. दारात पाऊल टाकल्यावर मात्र ते चप्पल काढता काढता म्हणाले, "छकुले, माझं चुकलं गं. मी समास बघत बसलो. तुझं काय होणार ते बघितलंच नाही."

आई टेबल पुसत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. बहुव्रीही म्हणजे काय तेही विचारून घेतलं. काकांनी हौसेनं सांगितलं: मान हेच ज्याचे धन असा तो.

"असं होय?" आई म्हणाली. "मग मी लग्न झाल्यापासून बहुव्रीहीच आहे की. तुमच्या घरात मला केवढा मान! पाहुणे आले की माझ्या हाताची चव, कोणी आजारी पडलं की माझ्या हाताचा गुण. हाताला कधी काही ठेवलं नाही कोणी. मला तर कोणी समितीसुद्धा नेमली नाही."

काकांनी टेबलाच्या कडेकडं बघायला सुरुवात केली. छकुलीनं आईच्या हातातलं फडकं घेतलं आणि टेबलाची उरलेली बाजू पुसून काढली.

"आई, मी काय करू?" तिनं विचारलं. "खरं सांग."

"इथं राहिलीस तर काय मिळेल?"

"मान."

"तिथं?"

"मानच."

"मग अडलंय काय? फुकटच मरायचं तर निदान आपल्या आवडीच्या गंजानं मर. इथं त्या साहेबाला दारापर्यंत सोडत बसण्यापेक्षा ते बरं." आई खुर्चीत बसली. "त्या बाईंनी तुला विचारलं ना, आतून की बाहेरून? ते आल्यापासून सांगतेयस. रोज सांगतेयस. तुझा चेहरा मला दिसतो गं सांगताना. माझी औषधं मी आणि काका बघू. ते शिकवण्या घेतील. रोख घेतील. 'आणि' नाही, 'किंवा' नाही."

छकुली रडली. हसत हसत रडली. तिनं त्याच टेबलावर होकार लिहिला, काकांनी त्यातल्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, आणि आईनं पलंगाखालचे सगळे तुकडे जुन्या टॉवेलांत एकेक करून गुंडाळले, वाटेत आपटू नयेत म्हणून. एकही शिवी न देता गुंडाळले.

पहिल्या तारखेला छकुली विद्यापीठात रीतसर जमा झाली. पोच मिळाली. बाईंनी लाकडी हत्ती आणि मशाली बाहेर व्हरांड्यात काढून तिच्या तुकड्यांना खिडकीत जागा करून दिली. आता प्रश्न फक्त रात्रीपुरता उरला. ती खोली शोधायला निघाली. शहरातली माणसं मोठी चांगली. पहिल्या घरातल्या आजोबांनी तिला खुर्ची दिली आणि देशाला अशाच मुलींची गरज असल्याचं सांगितलं. दुसऱ्या घरातल्या बाईंनी आतून मुलांना बोलावून आणलं, 'बघा, या ताई बघा, नाहीतर तुम्ही' असं म्हणून त्यांना तिच्यासमोर ओळीनं उभं केलं. तिसऱ्या घरी तिचं नाव ऐकायच्या आधीच सगळे उभे राहिले. विषय सांगितला, की कौतुक. आगाऊ भाडं उपलब्धतेनुसार देईन म्हटलं, की खोलीत नुकताच भाचा राहायला आलेला असायचा.

आणि तुम्ही! तुम्ही मघापासून वाचताय. आईनं तिला जायला सांगितलं तेव्हा तुम्हाला भरून आलं, खरं सांगा. 'शाब्बास, असंच पाहिजे' म्हणालात. समितीला मनातल्या मनात चार शिव्याही घातल्यात. फार बरं वाटलं. तिचंही तुमच्याबद्दल मत चांगलंच आहे, म्हणून तर ती तुमच्या गल्लीत वळली. तुमच्या मागच्या बाजूला एक खोली आहे. त्यात कपडे वाळत घालायची व्यायामाची सायकल आहे आणि कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले खोके आहेत. ती तुमच्याच दारात उभी आहे, हातात टॉवेलात गुंडाळलेले नळ, आणि तुम्ही दार उघडलंत, तिला ओळखलंत, चटकन ताठ उभे राहिलात, हसून 'या, यावं' म्हणालात आणि कौतुकानं मान डोलावायला लागलात.

मान पुरे. खोली देताय का, तेवढं सांगा.